सेवाग्रामची मातीची घरे

नागपूरचा 'अजब बंगला' विदर्भातील पुष्कळ मुलांनी पाहिलेला असतो. १८६३ साली स्थापन झालेल्या या मध्यवर्ती संग्रहालयात जुन्या मूर्ती, शिलालेख, नाणी, शस्त्रे, पेंढा भरलेले प्राणी अशा नाना वस्तू मांडलेल्या आहेत. यांतील प्रत्येक वस्तू कोठून तरी आणलेली आहे. मूर्ती मूळची एखाद्या देवळातली, नाणे कोणा शेतकऱ्याच्या नांगराला लागलेले, शस्त्र एखाद्या सरदाराच्या वाड्यातले. आपले मूळ स्थान सोडून त्या सर्व येथे एका छपराखाली आल्या आहेत.

संग्रहालयाचा दुसराही एक प्रकार आहे. त्यात वस्तू आणाव्या लागत नाहीत. त्या जेथे वापरल्या जात होत्या तेथेच असतात. बसण्याची चटई बसण्याच्या जागी असते आणि पाण्याचे भांडे पाण्याच्या जागी असते. कारण ते संग्रहालय म्हणजे कोणाचे तरी राहते घरच असते. पुण्यातील महात्मा फुले वाडा आणि मुंबईतील मणिभवन ही अशा घरांची उदाहरणे होत. विदर्भातही असे एक ठिकाण आहे. नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटरवर वर्धा हे शहर लागते आणि वर्ध्याहून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. तेथे महात्मा गांधी आणि कस्तुरबा यांनी वास्तव्य केलेली घरे आजही उभी आहेत.

थोर पुरुषाचे घर म्हटले की दगडी पायऱ्या, नक्षीदार खांब, उंच दरवाजे आपल्या डोळ्यांसमोर येतात. सेवाग्रामला गेल्यावर यांतील काहीही दिसत नाही. शेणामातीने सारवलेल्या भिंती, बांबूंचे आणि लाकडाचे आढे, त्यांवर गावच्या कुंभाराने भाजलेली कौले, म्हणजे आपल्याकडे ज्यांना कवेलू म्हणतात ती. वऱ्हाड-नागपूरकडच्या कोणत्याही जुन्या खेड्यात शोभावे असेच हे घर आहे. मग ते इतक्या काळजीने का जपले आहे, आणि मातीचे घर इतकी वर्षे जपता तरी कसे येते, हे दोन प्रश्न सहजच मनात उभे राहतात. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीच्या आश्रमातून दांडीच्या यात्रेला निघाले, तेव्हा स्वराज्य मिळाल्याशिवाय या आश्रमात परतणार नाही असा निश्चय त्यांनी केला होता. पुढे १९३३ साली त्यांनी तो आश्रम विसर्जित केला. वर्ध्याचे व्यापारी आणि देशभक्त जमनालाल बजाज यांनी त्यांना आग्रहाने आपल्या गावी बोलावले. गांधीजी वर्ध्याला आले व पुढे तेथील मगनवाडीत राहू लागले. परंतु तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. खेड्यांची सेवा करा, असे आपण लोकांना सांगतो. मग आपण स्वतः शहरात कसे राहावे, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

वर्ध्याजवळ शेगाव नावाचे एक लहानसे खेडे होते. गावातील बरीच जमीन जमनालालजींच्या मालगुजारीतील होती. गावाला जायला धड रस्ता नव्हता. होती ती गाडीवाट. दुकान नव्हते की टपालकचेरी नव्हती. पावसाळ्यात चिखल आणि डास यांचे राज्य असे. वस्तीतील बहुसंख्य कुटुंबे त्या काळी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या जातींची होती. मीराबेन नावाची गांधीजींची शिष्या तेथे आधीच जाऊन राहिली होती. ही एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची कन्या. तिचे मूळचे नाव मॅडलिन स्लेड. १९२५ साली आपला देश सोडून ती गांधीजींकडे आली आणि खादी नेसून खेडोपाडी काम करू लागली. ३० एप्रिल १९३६ रोजी सहासष्ट वर्षांचे गांधीजी वर्ध्याहून पायी शेगावला आले. एप्रिलच्या अखेरीस विदर्भातील ऊन कसे असते, हे येथल्या मुलांना सांगावयास नकोच.

आपल्यासाठी बांधावयाच्या घराविषयी गांधीजींनी एक अट घातली होती. त्यासाठी शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये, आणि सामान व कारागीर जवळपासचेच असावेत. माती गावचीच होती. बांबू, लाकूड व शिंदीची पाने आसपास मिळत. बांधणारे हातही गावचेच होते. अशा रीतीने जे पहिले घर उभे राहिले त्याला आज 'आदिनिवास' म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर गांधीजी त्यात राहावयास आले.

या अटीमागे केवळ काटकसर नव्हती. दूरच्या कारखान्यातील सिमेंट आणि पोलाद विकत आणून घर बांधले, तर पैसा गावाबाहेर जातो. गावचा कुंभार, सुतार, गवंडी व बुरूड यांच्याकडून बांधून घेतले, तर तोच पैसा गावात राहतो आणि कारागिराची विद्याही जिवंत राहते. घर मोडकळीस आले तर ते दुरुस्त करणारे हात शेजारीच असतात. लॉरी बेकर नावाचे एक इंग्रज वास्तुशिल्पज्ञ पुढे भारतातच स्थायिक झाले आणि त्यांनी केरळात स्वस्त, सुंदर व हवेशीर अशी पुष्कळ घरे बांधली. घरासाठी लागणारे सामान पाच मैलांच्या आतले असावे, हा विचार आपल्याला गांधीजींकडून मिळाला, असे ते सांगत असत.

मातीच्या भिंतीचा आणखी एक गुण आहे. जाड मातीची भिंत हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. दिवसाचे ऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागते, ते आतपर्यंत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. पुढे आलेल्या छपराची सावली भिंतीवर पडते. त्यामुळे वैशाखात बाहेर पाय पोळत असताना आत गेल्यावर जिवाला बरे वाटते. आपल्या पूर्वजांना हे शास्त्र पुस्तकात वाचावे लागले नव्हते. उन्हाळा त्यांनी अंगावर काढला होता.

आता आपण या घरांत प्रवेश करू.

आदिनिवास म्हणजे एक लांबट दालन. प्रारंभी सर्वजण याच दालनात राहत. गांधीजी, कस्तुरबा, आश्रमातील सहकारी आणि आलेले पाहुणे या सर्वांचे बसणे, उठणे, लिहिणे, सूत कातणे, सारे येथेच. सरहद्द प्रांताचे थोर नेते खान अब्दुल गफारखान पाहुणे म्हणून आले तेव्हा तेही याच छपराखाली राहिले. खरे पाहता गांधीजींना शेगावात एकट्याने राहावयाचे होते. तेथे आश्रम स्थापण्याचा त्यांचा विचार नव्हता. पण मधाच्या पोळ्याभोवती जशा माशा जमतात तशी माणसे जमली आणि खेड्यात न मागता आश्रम उभा राहिला.

त्याच्या जवळच 'बापू कुटी' आहे. ही कुटी गांधीजींसाठी बांधलेलीच नव्हती. ती मीराबेनने स्वतःसाठी बांधली होती. पुढे गांधीजी तीत राहू लागले आणि गरजेप्रमाणे तिला थोडी थोडी जागा जोडण्यात आली. कुटीच्या भिंतीवर मीराबेनने आपल्या हातांनी मातीत उठावाची चित्रे काढली आहेत. ताडासारखी उंच झाडे आणि चरखा त्यात दिसतो. रंग मातीचाच, त्यामुळे चित्र भिंतीतून उगवल्यासारखे वाटते.

आत गेल्यावर पाहणारा प्रथम शोधतो ते सामान. पण सामान असे फारसे नाहीच. जमिनीवर एक चटई, तिच्यावर बैठक, पाठीशी टेकायला फळी, पुढे लिहिण्यासाठी ठेंगणे मेज. जवळच चरखा. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली वजने. तोंडावर, कानांवर आणि डोळ्यांवर हात ठेवलेल्या तीन माकडांची लहानशी मूर्ती. वाईट बोलू नये, वाईट ऐकू नये, वाईट पाहू नये, हा तिचा अर्थ. गांधीजींच्या बैठकीजवळ त्यांच्या चिटणीस राजकुमारी अमृत कौर यांची जागा आहे. कपूरथळ्याच्या राजघराण्यातील या विदुषीने येथे एका पेटीचेच मेज केले होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री त्याच झाल्या.

न्हाणीघरही पाहण्यासारखे आहे. ते कुटीच्या इतर भागांइतकेच स्वच्छ व नीटनेटके. ज्या समाजात झाडूकाम आणि मैला साफ करणे ही कामे काही जातींच्या माथी मारलेली होती, तेथे आश्रमातील प्रत्येकाने आपली साफसफाई आपणच करावी, असा येथला नियम होता. कोणतेही काम हलके नाही, हा पाठ येथे रोज सकाळी हातात झाडू घेऊन शिकवला जाई.

कुटीला लागूनच कचेरी आहे. तिच्यात दोन वस्तू विशेष लक्ष वेधून घेतात. एक म्हणजे दूरध्वनी. दिल्लीहून व्हाइसरॉयना गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून तो बसवण्यात आला. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो दिल्लीतील ज्या प्रासादात राहत, त्यात ३४० खोल्या आहेत. आज तेच राष्ट्रपतिभवन होय. एवढ्या प्रचंड प्रासादातून निघालेला शब्द तारेवरून शेकडो मैल धावत विदर्भातील एका मातीच्या झोपडीत पोहोचे. साम्राज्याला झोपडीशी बोलण्याची गरज पडावी, ही त्या काळातील मोठी नवलाची गोष्ट होती.

दुसरी वस्तू म्हणजे साप धरण्याचा चिमटा व पिंजरा. शेतांच्या मधोमध असलेल्या या वस्तीत साप वरचेवर निघत. ते मारावयाचे नाहीत, असा आश्रमाचा नियम होता. चिमट्याने साप अलगद धरावा, पिंजऱ्यात घालावा आणि दूर रानात नेऊन सोडावा. अहिंसेवर लिहिलेली पुस्तके पुष्कळ आहेत. या पिंजऱ्याकडे पाहिल्यावर मात्र कळते की, अहिंसेलाही अवजारे लागतात, सवय लागते आणि थोडे धैर्यही लागते.

थोड्या अंतरावर परचुरे कुटी आहे. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना कुष्ठरोग जडला होता. त्या काळी या रोगाची लोकांना अतिशय भीती वाटे आणि रोग्याला घरादाराबाहेर काढले जाई. १९३९ साली शास्त्रीबुवा आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच घर दिले आणि ते स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश करीत. देशाच्या राजकारणाची चर्चा करण्यासाठी मोठमोठे नेते खोळंबून बसलेले असत, तरी हे काम चुकत नसे. आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. पण त्या वेळी औषध हाती नसताना रोग्याला स्पर्श करणे ही केवढी गोष्ट होती, हे या लहानशा खोलीपुढे उभे राहिल्यावर ध्यानात येते.

आश्रमातील सर्वांत हृदयस्पर्शी घर कदाचित 'बा कुटी' असेल. आदिनिवासात सारी मंडळी एकत्र राहत, त्याचे सर्वांना कौतुक वाटे. परंतु त्या गर्दीत कस्तुरबांची फार अडचण होई. घरात इतकी माणसे, सदा पाहुण्यांची वर्दळ, आणि वयस्क गृहिणीला क्षणभर आपले म्हणून टेकायला कोपरा नाही. त्यांची ही कुचंबणा जमनालालजींच्या ध्यानात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी लहानशी कुटी बांधून दिली. गांधीजींनी आपले घर साऱ्या देशाला मोकळे करून दिले, ही गोष्ट मोठी खरी. पण अशा मोकळ्या घराचा भार घरातील स्त्रीवर किती पडतो, हेही या कुटीवरून समजते. थोरांच्या घरात पाहुण्यांचे नाव लिहिले जाते. त्या पाहुण्यांसाठी चूल पेटवणाऱ्या हातांची आठवण आपण ठेवली पाहिजे.

गावाचे 'शेगाव' हे नाव कसे बदलले, त्याचीही हकीकत मौजेची आहे. गजानन महाराजांचे बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तुम्हांला माहीत आहेच. गांधीजींना देशोदेशींहून येणारी पत्रे पुष्कळदा त्या शेगावी जात आणि फिरून इकडे येत. टपालाचा हा घोटाळा टाळण्यासाठी १९४० साली या गावाला 'सेवाग्राम' असे नाव देण्यात आले. अडचण टपालाची होती, पण मिळालेले नाव असे अन्वर्थक की, आज दुसरे नाव कोणाच्या ओठांवर येत नाही.

या मातीच्या घरांत राहणे सोपे मुळीच नव्हते. पहिल्याच वर्षी गांधीजींना हिवतापाने गाठले व वर्ध्याच्या रुग्णालयात न्यावे लागले. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई प्रारंभी मगनवाडीत राहत आणि रोज चालत शेगावला येत. जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटरांची ती पायपीट ते उन्हापावसात करीत. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार आठवडाभर येथे राहिले. त्या उन्हाळ्याने ते इतके हैराण झाले की, पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात बसून, समोर टंकलेखनयंत्र ठेवून त्यांनी आपले लेखन केले! गांधीजींशी झालेल्या त्या आठवड्यातील संभाषणांवर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले आणि ते जगभर वाचले गेले.

त्याच वर्षी १४ जुलैला वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीने एक ठराव केला. इंग्रजांची सत्ता या देशातून गेली पाहिजे, ही मागणी त्यात होती. पुढच्या महिन्यात मुंबईला 'चले जाव'ची घोषणा झाली, तिची पूर्वतयारी या परिसरात झाली होती. ऑगस्टच्या आरंभी गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई मुंबईला गेले. ९ ऑगस्टला गांधीजींना व महादेवभाईंना अटक झाली. पाठोपाठ कस्तुरबांनाही झाली. पुण्याच्या आगाखान महालात त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाईंचे तेथेच निधन झाले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनीही तेथेच देह ठेवला. जमनालालजी तर त्याआधीच, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, निवर्तले होते. सुटका झाल्यावर १९४४ साली गांधीजी सेवाग्रामला परतले, तेव्हा बा कुटीतील बा नव्हत्या, कुटी बांधून देणारे जमनालालजी नव्हते आणि कचेरीतील महादेवभाईही नव्हते. भिंती मात्र तशाच होत्या.

आश्रमात आणखी एक घर आहे, त्याला 'आखिरी निवास' म्हणतात. हे जमनालालजींनी स्वतःसाठी बांधले होते. अखेरच्या काळात प्रकृतीच्या कारणाने गांधीजी त्यात राहत. २५ ऑगस्ट १९४६ रोजी ते येथूनच दिल्लीला निघाले. नंतर नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली असा त्यांचा प्रवास झाला. जेथे जेथे दंगलीचा वणवा पेटला तेथे तेथे ते गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी ते कलकत्त्याला होते. १९४८ च्या फेब्रुवारीत सेवाग्रामला यावे, असा त्यांचा विचार होता. परंतु ३० जानेवारीला दिल्लीत त्यांची हत्या झाली. त्यांच्या इच्छेनुसार भरावयाचे कार्यकर्त्यांचे संमेलन मार्चमध्ये त्यांच्यावाचून भरले. पंडित नेहरू, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद, विनोबा असे थोर पुरुष या मातीच्या घरांच्या सावलीत एकत्र आले. बापू गेले, आता पुढे काय, हा एकच प्रश्न सर्वांपुढे होता.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. बापू कुटी मीराबेनने स्वतःसाठी बांधली होती आणि आखिरी निवास जमनालालजींनी. ज्यांचे घर म्हणून आपण हे सारे जपतो, त्यांच्या मालकीचे यात काहीच नव्हते. दुसऱ्यांनी मोकळी करून दिलेली जागा त्यांनी वापरली, झाडून-सारवून नीट ठेवली आणि जाताना जशीच्या तशी मागे सोडली.

आता राहिला दुसरा प्रश्न. मातीचे घर जपतात कसे? दगडाचा किल्ला शतकानुशतके उभा राहतो. ताम्रपटावरील अक्षरे हजार वर्षांनीही वाचता येतात. माती मात्र एका पावसाळ्यात विरघळू लागते. पावसाच्या तिरप्या सरी भिंती धुऊन नेतात, वाळवी लाकूड आतून पोखरते, वाऱ्याने व माकडांच्या उड्यांनी कौले सरकतात, आणि रोज येणाऱ्या शेकडो पावलांनी सारवलेली जमीन झिजते. अशा घराला काचेच्या कपाटात ठेवता येत नाही, की त्याला एकदाच डागडुजी करून स्वस्थ बसता येत नाही.

म्हणून येथे दरवर्षी काम चालते. पावसाळ्यापूर्वी फुटकी कवेलू काढून त्यांच्या जागी नवी बसवतात. भिंतींना पावसाचा मार लागू नये म्हणून बाहेरून शिंदीच्या पानांच्या ताट्या उभ्या करतात. पोपडे निघालेल्या जागी माती कालवून लिंपतात आणि जमीन शेणाने सारवतात. किडलेला बांबू बदलतात. ही सर्व कामे यंत्राने होत नाहीत. ती जाणत्या हातांनीच करावी लागतात. माती किती भिजवावी, तिच्यात भुसा किती घालावा, शेणाचा हात कसा फिरवावा, हे ज्यांना येते त्यांनीच ती करावयाची. असे हात गावातून नाहीसे झाले, तर पैसे कितीही असोत, बापू कुटी टिकणार नाही. गावच्या कारागिरांकडूनच घर बांधावे, ही गांधीजींची अट आज अशा प्रकारे आपली परीक्षा घेत आहे.

कोणी विचारील, "दरवर्षी माती नवी, कौले नवी, बांबू नवे, मग हे बापूंचे घर कसे?" प्रश्न चांगला आहे. वर्धा नदीचे पाणी दररोज नवे असते, तरी तिला आपण वर्धाच म्हणतो, कारण तिचे पात्र तेच असते. त्याप्रमाणे या घराची माती बदलली तरी त्याचा आकार, त्याची मांडणी आणि त्याचे माप तेच राहिले आहे. दार तेवढेच ठेंगणे, खिडकी तेवढीच, सामान तेवढेच. कोणी उत्साहाने त्याच्या भिंती संगमरवराच्या केल्या असत्या, तर घर फार टिकाऊ झाले असते. पण माणसाला जगायला किती थोडे लागते, हे सांगणारे ते घर मात्र कायमचे नाहीसे झाले असते.

घराबरोबर तेथले कामही जपले गेले आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली. हाताने काम करता करता मुलांनी शिकावे, हा विचार तेथे मांडला गेला आणि त्यातून 'नयी तालीम' जन्मास आली. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामात तिची शाळा चालवली. डॉक्टर सुशीला नायर यांनी येथे सुरू केलेल्या लहानशा दवाखान्यातून कस्तुरबा रुग्णालय वाढले आणि १९६९ साली त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघाले. खेड्यापाड्यांतील रुग्ण आज तेथे उपचारासाठी येतात.

प्रार्थनेची जागाही पूर्वीचीच आहे. तिला भिंती नाहीत आणि छप्परही नाही. गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ तेथे सावली धरून आहेत. पहाटे व सायंकाळी मंडळी जमिनीवर बसतात आणि निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना एकापाठोपाठ एक म्हटल्या जातात.

तुम्ही सेवाग्रामला जाल तेव्हा जोडे बाहेर काढा आणि कुटीत हळू पावलांनी शिरा. भिंतीला टेकू नका; ती मातीची आहे, आणि ती कोणाच्या तरी हातांनी नुकतीच सारवली असेल.

शब्दार्थ

विसर्जित करणे – बंद करणे, मोडून टाकणे. मालगुजारी – गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याची नागपूर प्रांतातील जुनी पद्धत. आढे – छपराला आधार देणारे लाकूड. बुरूड – बांबूकाम करणारा कारागीर. उठावाचे चित्र – पृष्ठभागापेक्षा वर आलेले चित्र. कुचंबणा – मोकळेपणा न मिळाल्याने होणारी अडचण. अन्वर्थक – अर्थाला साजेसे. स्थानबद्ध करणे – एकाच जागी कैदेत ठेवणे. निवर्तणे – मृत्यू पावणे. ताटी – पानांचा किंवा बांबूच्या कामट्यांचा आडोसा.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) अजब बंगला आणि सेवाग्रामची घरे या दोन संग्रहालयांत काय फरक आहे?
(आ) घर बांधण्याविषयी गांधीजींनी कोणती अट घातली होती? तिच्यामागे कोणता विचार होता?
(इ) 'शेगाव' हे नाव का बदलण्यात आले?
(ई) जमनालालजींनी कस्तुरबांसाठी वेगळी कुटी का बांधून दिली?

२. कारणे द्या :
(अ) आश्रमात चिमटा व पिंजरा ठेवीत असत.
(आ) मातीच्या घरात उन्हाळ्यात थंड वाटते.
(इ) मातीचे घर एकदाच दुरुस्त करून भागत नाही.

३. 'साम्राज्याला झोपडीशी बोलण्याची गरज पडावी, ही त्या काळातील मोठी नवलाची गोष्ट होती.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. 'झाडून-सारवून' यासारखे पाच जोडशब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या गावातील सर्वांत जुने घर पाहा. ते कोणत्या सामानाने बांधले आहे, ते सामान कोठून आले असेल आणि आज त्याची दुरुस्ती कोण करू शकेल, याची घरातील वडीलधाऱ्यांना विचारून माहिती मिळवा व दहा-बारा ओळी लिहा.